बाबांसारखा घट्टा

शाणू,

तुझ्या बाराव्याला मी पंगत वाढत होते. वसंतकाकाला वाटलं, मी आत चुलीपाशी आहे. त्यामुळे तो शेजारच्या पानावरच्या पाहुण्याला मोकळेपणाने सांगत होता, "सुरी लागली म्हणान तें पसरलें. आमच्या दादाक जल्मभर घट्टो आशिल्लो, कोणें हात लायलो ताका? पिकून गेलो तो. ह्याका शिकिल्ल्यांनी व्हेलो." दादा म्हणजे आपले बाबा, आणि शिकलेले म्हणजे मी. मी त्याच्या पानात खतखतं वाढलं. "आनी मातशें घाल गो," तो मान वर न करता म्हणाला, आणि मी घातलं. हातातला डाव त्याच्या टाळक्यात घालावा असं मनात आलं होतं, हे तुला सांगायला हरकत नाही. तू हसला असतास.

काकाला उत्तर देता आलं असतं. कातडीवर पडलेला घट्टा वेगळा आणि पोटाच्या स्नायूत उगवलेली गाठ वेगळी, एवढं मी पाळी गावच्या शाळेतल्या माझ्या सातवीच्या मुलांनाही समजावून देईन. पण काकाशी भांडून काय मिळणार? माझं भांडण तुझ्याशी आहे, आणि ते अर्ध्यावर टाकून तू चालता झालास. तुझी लहानपणापासूनची खोड. हरायला लागलास की म्हणायचास, "बाये, भूक लागल्या," आणि उठायचास.

दसरा जवळ आला की शाळेतली मुलं विचारतात, बाई, तुमच्या पेडण्यात तरंग असतो तो कसा? डिचोलीकडच्या या मुलांनी तो नुसता ऐकलेला. मी फळ्यावर काढून दाखवते. माणसाच्या दुपटीहून उंच खांब, वर देवाची खूण, त्याला एकावर एक नेसवलेली लुगडी, आणि खाली उघड्या अंगाचा एक माणूस. खांबाचा बुंधा तो कमरेच्या शेल्याच्या घडीत, बेंबीच्या जरा खाली टेकवतो, आणि सगळा भार पोटावर घेऊन नाचतो. कोरगावात हा मान आपल्या घराचा. बाबांच्या पोटावर बुंधा टेकायचा तिथली कातडी जाड आणि काळपट झाली होती. आपण दोघं त्यावर टिचक्या मारायचो, आणि बाबा म्हणायचे, "मारात, माका लागना. देवाचो बसपाचो जागो तो." नवरात्रात मासळी-नुस्तं बंद झालं की आई रोज आंघोळीनंतर त्या जागी खोबरेल लावून द्यायची. आपल्या घरातला खरा दागिना तोच, असं मला तेव्हा वाटायचं.

बाबांमागे मान तुझ्याकडे आला. किती वर्षं तू तरंग घेतलास, पण तुझं पोट आपलं गुळगुळीतच. काका चिडवायचा, "आजून देव बसूंक ना रे तुज्या पोटार." तू हसण्यावारी न्यायचास. ते तुला लागायचं हे मला कळत होतं, कारण अशा दिवशी तू काजूच्या बागेतून उशिरा घरी यायचास.

मग ती चवथ. मी माहेरी आले तेव्हा तू गणपतीच्या वरची रानफळांची माटोळी बांधत होतास. उघडा, दोन्ही हात वर, तोंडात दोरी. आणि बेंबीच्या उजव्या अंगाला खाली मला तो फुगवटा दिसला. "तें कितें रे?" मी विचारलं. तोंडातली दोरी काढून तू इतक्या आनंदाने सांगितलंस, "घट्टो आयलो, बाये. बाबांसारखो." तुझी बायको रेखा दारातून बघत होती, तिच्याही तोंडावर कौतुक मावत नव्हतं. काकाने पुढे येऊन त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

मी बोट लावून पाहिलं. बाबांचा घट्टा कातडीबरोबर हलायचा. हे कातडीच्या खाली खोलवर होतं, आंब्याच्या बाठीसारखं टणक, आणि वरची कातडी तुझी पहिल्यासारखीच मऊ. पोट आवळ म्हटलं. तू आवळलंस, तरी ते जिथल्या तिथे घट्ट. मी डॉक्टर नाही, पण या पोटाला मी तू पाळण्यात असल्यापासून ओळखते, आणि ते त्या पोटाचं नव्हतं. मी म्हटलं, उद्याच दाखवू या. तू म्हणालास, "दसरो जांवदी."

त्या दसऱ्याला तू बुंधा त्या गाठीवरच टेकवलास. शाणू, तू किती सुंदर नाचलास. वरची लुगडी घेर धरून फिरत होती आणि खाली तुझी पावलं जमिनीला लागतात की नाही असं वाटत होतं. देवळासमोर उभी राहून मी तुला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि डोळे पुसत होते. अभिमान वाटत होता, तो मी नाकारत नाही. ते बघितलं नसतं तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं.

दिवाळी आली, तरी तू जागचा हलेनास. शेवटी मी निरोप धाडला की पोट दाखवल्याशिवाय भाऊबीजेला ओवाळणार नाही. तू उलटा निरोप दिलास, "बरें जालें, म्हजी ओवाळणी वांचली." पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला पोदेर यायच्याही आधी पाळीला माझ्या दारात हजर झालास, केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून, शाळेत नाव घालायला न्यावं तसा.

बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी सुईने गाठीतला कण काढून तपासला, पोटाचे फोटो काढले. मग तिथल्या सर्जनबाईंनी आपल्याला समोर बसवलं. त्या काही लपवून बोलल्या नाहीत. गाठ वाईट जातीची आहे, पोटाच्या भिंतीत, मांसातच उगवली आहे. तरंगाच्या भाराने ती आली असं म्हणता येत नाही, पण भारामुळे ती इतके दिवस झाकून राहिली. नुसती गाठ सोलून काढून भागणार नाही. तिच्या सगळ्या बाजूंनी चांगलं मांसही घ्यावं लागेल. "तुज्या पोटाच्या वणटीक जनेल पडतलें," त्या हवेत बोटाने खिडकी काढत म्हणाल्या, "आनी त्या जनेलाक हांव जाळी बसयतलें."

तू विचारलंस, "ती जाळी तरंगाचो भार घेतली?"

त्यांना तरंग ठाऊक नव्हता. तू खुर्चीवरून उठून, शर्ट वर करून, दोन्ही हात धरून त्यांना दाखवलंस, बुंधा कुठे टेकतो, अंग कसं मागे झुकतं. त्यांनी सगळं शांतपणे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "ना. तें केन्नाच ना."

"मागीर मातशें कमी कापात. इतलें बरें मांस कित्याक?"

"कमी कापलें जाल्यार तें परत येतलें. हांव अर्दें काम करिना."

बाहेरच्या बाकावर मी तुला समजावलं. तुझ्याच भाषेत समजावते असं मला वाटत होतं. म्हटलं, काजूला खोडकिडा लागला की तू नुसता किडा काढतोस का? आजूबाजूचं चांगलं लाकूडही तासतोस ना, पांढरं दिसेपर्यंत? तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "तासतां. पूण काजूक तरंग धरूंचो नासता, बाये."

मी आवाज चढवला. म्हटलं, देवाला दुसरा तरंग घेणारा मिळेल, रेखाला दुसरा नवरा मिळायचा नाही आणि मला दुसरा भाऊ. घरी जाऊन कौल घेतो म्हणालास.

कौलावर माझा विश्वास किती, ते तुला माहीत. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. पण त्या दिवशी शाळेत शिकवताना मीही मनात उजवी, उजवी करत होते. संध्याकाळी तुझा फोन आला. "सांग त्यांकां, कापूंदी," एवढंच. पाकळी कुठली पडली ते तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. उजवीच पडली असणार, नाहीतर तू कशाला हो म्हणतोस? केवढं हलकं वाटलं मला. आता हे माझ्या एकटीच्या हट्टाने होत नव्हतं, देवानेही सांगितलं होतं.

शस्त्रक्रियेनंतर तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटाला रुंद पट्टा आवळलेला होता. शुद्धीवर येऊन तू तो चाचपलास आणि म्हणालास, "शेलो कोणें बांदलो? सैल बांदला." खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायला नर्सने शिकवलं होतं. तू ती उशी तरंगाचा बुंधा टेकवावा तशी धरायचास, आणि रेखा तोंड फिरवायची. थोड्या दिवसांनी सर्जनबाई आल्या, काढलेल्या मांसाची कड सगळीकडून स्वच्छ आहे म्हणाल्या. आपण तिघं तिथेच रडलो. नंतर तू म्हणालास की चहाबरोबर पोदेराचा कडक उंडा पाहिजे, पट्टीसारखा पाव नको. मला वाटलं, मिळाला माझा भाऊ परत.

परत मिळाला होताच, पण सगळा नाही. पुढच्या दसऱ्याला मान काकाच्या मुलाकडे, उल्हासकडे गेला. आपल्याच घरात राहिला म्हणून काका खूश. तू धुतलेलं धोतर नेसून देवळासमोर आलास आणि माझ्या शेजारी उभा राहिलास, बायकांच्या बाजूला. हात एकदा मागे बांधलेस, एकदा पुढे घेतलेस, एकदा देवळाच्या खांबाला लावलेस. मग हळूच म्हणालास, "हात खंय दवरूं तें कळना गो." मी तुझा एक हात माझ्या हातात घेतला. तू तो सोडवून घेतलास, रागाने नाही, आणि पुढे जाऊन उल्हासचा शेला सोडून पुन्हा आवळून बांधलास. तरंग उठला तेव्हा तू त्याच्याकडे बघत नव्हतास. उल्हासच्या पोटाकडे बघत होतास.

त्यानंतरच्या पावसात खोकला सुरू झाला आणि गेला नाही. फोटोत छातीत ठिपके निघाले. सर्जनबाईंनी समजावलं की ते कण गाठ काढायच्या आधीच निघून गेले असतील, तेव्हा दिसण्याइतके मोठे नव्हते. सुरीने पसरलं नाही, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं, मी न विचारता. पोटात मात्र शेवटपर्यंत काही परत आलं नाही. जाळी जशीच्या तशी होती. त्यांनी पूर्ण काम केलं होतं, शाणू, अर्धं नव्हे.

आणि तिथेच आपलं भांडण येऊन अडलं. सोप्यावर तू उशीला टेकून बसला होतास, समोर काजूला मोहर आला होता. तू सहज बोलावं तसं बोललास, "कापूंक नासतें जाल्यार आनी एक दसरो जाल्लो. कदाचित दोन."

मी म्हटलं, "आनी मागीर?"

"मागीर जें जातलें तें. तें आतांय जातलेंच."

मी बोलत सुटले. गाठ वाढून फुटली असती, जखम चिघळली असती, वेदनांनी तुला उभंही राहता आलं नसतं, तरंग कुठला घेतोस? हे सगळं मला इस्पितळात सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "आसत. पूण तो एक दसरो म्हजो आशिल्लो." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रेखा पेज घेऊन आली. "भूक लागल्या," तू म्हणालास. घास तर तुझ्या घशाखाली उतरत नव्हता. तरी तू दोन चमचे घेतलेस, मला गप्प करण्यासाठी.

त्यानंतर मी किती वेळा आले. हवापाण्याच्या गोष्टी केल्या, काकाच्या नकला केल्या. तो विषय तू काढला नाहीस आणि माझीही छाती झाली नाही. शेवटी, तू गेल्यावर, तुला तयार करताना भावकीतल्यांनी कमरेला शेला बांधायला घेतला आणि ते तुझ्या पोटावरच्या लांब व्रणापाशी अडले. त्याच्यावर बांधावा की खाली? माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जिथे बांधायचा तिथेच बांधा.

बाराव्यानंतर पाळीला परत आले, शाळेत रुजू झाले. काल शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उल्हास मोटारसायकल लावून उभा. घरी आणलं, चहा केला. चहा त्याने निवू दिला. मग एकदम उठला आणि शर्ट वर केला. "बाये, हें मातशें पळय गो."

बेंबीच्या खाली, त्याच जागी. मी बोट लावलं. कातडीबरोबर हलतंय असं वाटलं. पुन्हा लावलं, तर नक्की सांगता येईना. तुझ्या वेळी माझ्या बोटांना जी खात्री होती ती आता राहिलेली नाही. "तुज्या बाबाक दाखयलें?" मी विचारलं.

"ना. बाबा पेढे हाडतलो."

"मागीर हांगा कोणें धाडलो तुका?"

"दादान," तो म्हणाला. तो तुलाच दादा म्हणतो. "म्हज्या पयल्या दसऱ्याक शेलो बांदतना कानांत सांगिल्लें. पोटार कितेंय आयलें जाल्यार पयलीं बायेगेर वच. कौल मागीर."

हीच गोष्ट माझ्यासमोर कबूल करायला तुझी जीभ झडली असती का? पण उल्हासचं संपलं नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "आनी बाये, तुका खबर ना आसतली. दादान कौल घेवंकच ना. हांव ताच्या वांगडा आशिल्लों. गुरवान पाकळ्यो लावंक काडल्यो, तेन्ना दादा म्हणालो, राव, थांब. मातसो बसलो आनी उठलो. वाटेर माका म्हणालो, देवान डावी दिली जाल्यार बायेक कितें सांगूं?"

शाणू, इतके दिवस मी त्या पाकळीवर टेकून उभी होते. रात्री झोप लागली नाही की स्वतःला सांगायचे, मी एकटीने नाही, देवानेही हो म्हटलं. काकाच्या पानात मुकाट्याने खतखतं वाढलं ते त्याच पाकळीच्या जोरावर. आणि आता कळतं की ती लागलीच नाही. देवाला विचारलंच नाहीस तू. मी सांगितलं आणि तू पोट पुढे केलंस. तुझा तो एक दसरा घेतला तो मीच, बाकी कुणी नाही. हे ओझं तू मला जिवंतपणी कळू दिलं नाहीस याबद्दल तुझे पाय धरावेत, की हे उल्हासच्या तोंडून कळायला ठेवलंस म्हणून तुझा कान धरावा, ते मला ठरवता येत नाही. आणि एवढं करून पुन्हा त्यालाही माझ्याकडेच धाडलंस. म्हणजे तुझा तो दसरा गेला तरी मी बरोबर होते असं तुला वाटत होतं? की दुसरं कुणी नव्हतं म्हणून?

उल्हासने विचारलं, "बाये, त्यांणी कापूंक सांगलें जाल्यार?" तुला मी चटकन म्हटलं होतं, कापायचं. त्याला तसं म्हणता आलं नाही. म्हटलं, आधी बघू तर दे त्यांना. घट्टाच असेल. घट्टाच असू दे म्हणून मी दिवसभर देवाला सांगते आहे, उजवी-डावी काही न विचारता.

उद्या सकाळी आम्ही बांबोळीला जातो. तिथे बाकावर बरंच बसावं लागेल, ते तुला मला ठाऊक आहे. डब्यात उंडे आणि पातळ भाजी घेतली आहे, पोट भरून जाईल एवढी. भूक लागली म्हणून मी याला उठू देणार नाही.

तुझी,
बाय